उतरायचं नाही

१५ एप्रिल १९७१, गुरुवार

नागपूर! सायकल एस.टी.च्या टपावर आणि मी व दादा आत, अशा थाटात आलो. उमरेडपासून प्रत्येक थांब्यावर दादा खाली उतरून दोरी सुटली नाही ना ते बघत होता. स्टँडवर ताराचंदजी स्वतः घ्यायला आले होते. हातात झेंडूचा हार. तो त्यांनी माझ्याऐवजी सायकलच्या हँडलला घातला आणि सगळे हसले. माणूस मोकळा वाटला. नंदनवनात त्यांची पिठाची चक्की आहे आणि वस्तीतल्या मंडळाचे तेच अध्यक्ष. चक्कीमागच्या खोलीत आमची सोय केली आहे. त्यांच्या बहिणीनं, सिंधूताईंनी, पाटवडीचा रस्सा इतका झणझणीत केला होता की दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यानं दोनदा मागून घेतला.

येत्या रविवारी सकाळी मी सायकलवर बसणार आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी उतरणार. मधे पाय जमिनीला लावायचा नाही. जेवण, अंघोळ, दाढी, झोप, सगळं चालत्या सायकलवर. उमरेडला मी पोस्टाच्या तारा वाटतो. माझी सायकल दारात थांबली की लोकांचे चेहरे पडतात, एक बाई तर मला पाहूनच रडायला लागली होती, आणि तार होती नातू झाल्याची. इथे सायकल दिसली की लोक टाळ्या वाजवतील. एवढ्यासाठीच मी हे करतो आहे, हे दादाला सांगितलं नाही. त्याला बहुतेक माहीत आहे.

१७ एप्रिल, शनिवार

मैदान छान आहे. मधोमध बांबू रोवून त्यावर भोंगा बांधला आहे, भोवती चुन्यानं गोल आखला आहे, कडेला लोकांसाठी मांडव घातला आहे. हँडलवर सुतारानं एक फळी बसवून दिली. तिच्यावर ताटली राहते आणि ही वहीही. चालत्या सायकलवर रोजनिशी लिहिणारा माणूस, असं ताराचंदजी भोंग्यावरून ओरडणार आहेत म्हणे.

दुपारी दादानं माझ्या पोटऱ्यांना मोहाचं तेल चोळलं. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, दादानंच वाढवलं. तो भट्टीवर विटा वाहतो. मी त्याला विचारलं की एवढं ओझं उन्हात कसं नेतोस. तो म्हणाला, "पायाले इचारलं तं पाय नाहीच म्हंते गा. म्हून मी पायाले इचारतच नाही. मनाले सांगतो, अन् चालू लागतो."

हे मी लक्षात ठेवणार आहे.

१८ एप्रिल, रविवार

बसलो! ताराचंदजींनी नारळ फोडला, दादानं सगळ्यांना जयभीम केला आणि मला ढकलून दिलं. काय गर्दी! बायका पोरांना खांद्यावर घेऊन आल्या होत्या. एका हातानं दाढी केली तेव्हा मोठा गजर झाला. लाजेचं एकच काम आहे. त्यासाठी दादा दुपट्ट्याचा आडोसा धरून बाजूनं पळतो आणि डब्बा धरतो. पोरं खिदळतात. दादा त्यांच्यावर डोळे वटारतो आणि त्याच्या हातून डब्बा हिंदकळतो.

टाळ्या अजून कानात आहेत.

१९ एप्रिल, सोमवार

आज कुणी जवळून पाहू नये असं वाटतं. मांड्यांच्या सांध्यात कातडी सोलली आहे. घाम, तेल, धूळ यांचा काळा चिखल तिथे साचतो आणि प्रत्येक पेडलला पिचपिच वाजतो. मलाच ऐकू येतं. भात खाताना माशी ताटलीवर बसली, उठली, मांडीवर बसली, परत भातावर आली. तोच घास मी खाल्ला, कारण माशी हाकलायला दुसरा हात हँडलवरून काढवत नव्हता.

रात्री दादा पाठीला हात लावून शेजारी चालला, त्याच्या हातावरच मी झोपलो.

२० एप्रिल, मंगळवार

ओकलो. ताक आणि भात, सगळं शर्टावर, फळीवर, वहीच्या कडेला. दादानं चालता चालता बादली ओतली. शीत मात्र कॉलरीत राहिलं आणि दुपारपर्यंत आंबलं. स्वतःचीच किळस येते. जखमेतून आता पिवळं पाणी येतं आणि चड्डी सायकलच्या गादीला चिकटते. सरकलो की सुटते, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

दादा म्हणाला की उतर, कुणी हसणार नाही. मला राग आला. पाय रडतात, कंबर रडते, पोट रडतं. मी त्यांना विचारणं बंद केलं आहे. फक्त मनाला सांगतो.

२१ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी लिहितो आहे. दुपारी फार झालं होतं. भोंग्याचा पत्रा हात लावला तर भाजेल असं ऊन, वारा नाही, मैदानात चिटपाखरू नाही. घाम येणं बंद झालं. सिंधूताईंनी पन्हं आणलं, ते ओठांवरून ओघळून गेलं. मग छातीत असं काही पिळलं की जणू कुणी ओला कपडा पिळतं आहे. सगळं पांढरं झालं. मला आठवतं, मी दात आवळून एवढंच म्हणत होतो, उतरायचं नाही, उतरायचं नाही.

आणि गेलं! सगळं दुखणं एकदम गेलं. मांड्या नाहीत, कंबर नाही, तहान नाही. पाय आपोआप फिरत आहेत. अंग गार पडलं आहे, एवढ्या उन्हात गार! दादा सांगतो की माझी मान थोडा वेळ छातीवर पडली होती, पण सायकल थांबली नाही.

मन जिंकलं. हे असं असतं तर.

२२ एप्रिल, गुरुवार

झोप लागली नाही, लागावीशी वाटलीही नाही. डब्बा लागला नाही. दादाला आश्चर्य वाटतं आहे. मी त्याला म्हटलं की आता महिनाभर चालवू शकतो. तो हसला नाही.

एकच त्रास आहे. मैदानात कुठेतरी काहीतरी मेलं आहे. सकाळपासून वास येतो. गोड, जड, घशात बसणारा. मी ताराचंदजींना ओरडून सांगितलं की घूस नाहीतर कुत्रं पडलं असेल, बघा. त्यांनी माणसं लावून नाली उपसली, झुडपं तोडली, मांडवाखाली पाहिलं. काही नाही.

एवढ्या मोठ्या गोलात वास एका बाजूला तरी कमी असावा. सगळीकडे सारखाच आहे.

२३ एप्रिल, शुक्रवार

गर्दी आली होती, पण लांब उभी होती. तोंडाला पदर, रुमाल. टाळ्या नाहीत. एक बाई पोराला ओढत घेऊन गेली.

सिंधूताईंनी दिलेला भाताचा घास तोंडात ठेवला. चावला. गिळायला गेलो तर आत जाईना. थुंकायला जीभ वळेना. तो तसाच गालात राहिला. दुपारी त्यात काहीतरी वळवळलं. बोटानं काढून पाहिलं. बारीक, पांढरं. झटकलं. अजून होते.

माशा पहिल्यांदा हाकलत होतो. आता त्या उठतच नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यात बसतात, मला गुदगुलीसुद्धा होत नाही. अंगठीचं बोट सुजून काळपट झालं आहे, पण दुखत नाही. काहीच दुखत नाही.

दादानं पोटऱ्या चोळायला घेतल्या. लगेच हात मागे घेतला. हाताकडे बघत तो तिथेच उभा राहिला आणि मी पुढे गेलो. फिरून आलो तेव्हा तो मातीत तळवे घासत होता.

ताराचंदजींनी डॉक्टर आणला. तो माझ्याबरोबर धावत मनगट धरून राहिला, मग नळी छातीला लावली. मग बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसला आणि ओकला. तो दादाशी काय बोलला ते मला तुकड्यांनी कळलं. एका फेरीत अर्धं ऐकू येतं, उरलेलं पुढच्या फेरीत. आधी ऐकलं, "नाडी नाही." फिरून आलो, "दोन दिवस तरी झाले असतील." परत फिरून आलो तेव्हा दादानं डॉक्टरची कॉलर धरली होती. तो ओरडत होता, "मंग सायकल कोन चालवून राह्यलं? सांग न मले! कोन चालवून राह्यलं?"

२४ एप्रिल, शनिवार

कळलं. नाली नाही, घूस नाही. वास माझा आहे.

लिहून टाकलं. आता पुढे —

बुधवारी दुपारी ते पिळलं तेव्हाच. मी गेलो. पण मनाला कुणी सांगितलं नाही.

मांडीची कातडी सरकून गादीवर दुमडून बसली आहे, उतरवलेल्या मोज्यासारखी. खाली जे दिसतं ते मी एकदाच पाहिलं. परत पाहणार नाही. पोट फुगून फळीला टेकलं आहे, लिहिताना मधे येतं. शर्टाचं एक बटण आपोआप उडालं. आतून आवाज येतात, पाणी उकळल्यासारखे. मला ओकारी येते, पण ओकायला आतलं काही माझं ऐकत नाही. किळस तेवढी शिल्लक आहे. सगळं गेलं आणि ही का राहिली?

उतरतो, असं ठरवलं. ब्रेक दाबला. बोटं वाकली, नख निघून ब्रेकवर राहिलं. चाक थांबलं नाही. पायांना सांगितलं. पायांना विचारलं. हात जोडले. ते फिरतच —

ताराचंदजींची माणसं काठ्या घेऊन आली होती. जवळ आली आणि पळाली. एक जण पळता पळता पडला, उठून परत पळाला. भोंगा बंद आहे. मांडव उतरवला.

दादा गेला नाही.

२५ एप्रिल, रविवार

सकाळ. मैदानात कुणी नाही. वस्तीतल्या खिडक्या लावलेल्या. एवढ्या उन्हात.

कुत्री आली आहेत. गोलाच्या कडेनं बसतात. मी जवळून गेलो की नाक वर करतात. दादा दगड मारतो. मारतो आणि रडतो.

सिंधूताई दुरून हात जोडून उभ्या होत्या. दादाला म्हणाल्या, "भाऊ, तुमी चला जी, जेवून तरी घ्या." तो हलला नाही. बोलता बोलता त्यांनी तोंडात पदर कोंबला आणि गेल्या.

डावा डोळा बंद. माशा — आत. उजव्यानं लिहितो.

दुपार. काहीतरी फुटलं. पोट. फळी ओली, वही ओली. हिरवट. पेडलवरून ओघळतं, चाकाला लागतं, मी फिरतो, सगळ्या गोलावर उमटतं. माझाच रस्ता. परत त्यातूनच जातो. परत —

दादा शेजारून चालतो आहे. नाकावर दुपट्टा. बोलतो. लहानपणचं. भट्टीवर मला टोपलीत ठेवून विटा वाहायचा, ते. मी हसायला गेलो. ओठ गळून —

दादानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मान वळवली. ओकला. मग तोंड पुसून परत पाहिलं. या वेळी मान वळवली नाही.

संध्याकाळ. हीच वेळ होती उतरायची. कुणी शिट्टी वाजवली नाही.

दादा पुढे गेला. गोलाच्या रेघेवर. माझ्या वाटेत उभा. नाकावरचा दुपट्टा सोडला, खाली टाकला. हात पसरले आहेत. म्हणतो, "ये गा बापू. मी झेलतो तुले. ये."

नको. दादा नको. अंगाला लागेल तुझ्या. हे सगळं — किडे — हात नको लावू. बाजूला हो. पाय ऐकत नाहीत. ओरडता येत नाही, जीभ — वही दाखवतो त्याला, वर धरून — वाचता येत नाही त्याला —

जवळ आला. हसतो आहे. लहान मूल चालायला शिकतं तेव्हा हसतात तसा. दादा, बाजूला, दादा, माझ्या अंगाला हात ला