त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं

१८ नोव्हेंबर
लॅबमध्ये रक्ताचे नमुने मशीनला लावत होते, तेवढ्यात प्रज्ञाचा फोन. "आई, माझ्या हातून गाडीचा अॅक्सिडेंट झाला. एका बाईंना लागलं. त्या बोलून राहिल्या. मी त्यांच्याजवळच आहे." हॉस्पिटल रामदासपेठेतलंच, लॅबपासून चालत जाण्यासारखं. धावतच गेले. पांढरा कोट अंगावर तसाच.

पोरगी बाकावर बसलेली, मांडीवर साड्यांचं गाठोडं. साड्या त्या बाईंच्या. नाव परातेबाई, फॉल-पिकोचं काम करतात. धरमपेठच्या दुकानातून साड्या घेऊन स्कूटीनं घरी चालल्या होत्या. प्रज्ञानं डावीकडे गाडी वळवली आणि बाजूची स्कूटी तिला दिसलीच नाही. स्कूटी आडवी, साड्या रस्त्यावर. हिनं त्यांना उठवलं, ऑटोत बसवलं, साड्या गोळा केल्या, सोबत आली. आपली गाडी तिथंच टाकून.

उजवं कॉलरबोन मोडलं. खांद्याला मुका मार. डोक्याला काही नाही, हेल्मेट होतं. त्या हेल्मेटपुढे हात जोडावेसे वाटले.

प्रज्ञा एकोणीस वर्षांची. लायसन्स अजून लर्निंगचं. गाडीत शेजारी लायसन्सवालं माणूस पाहिजे, ते नव्हतं. मैत्रिणीला फाईल द्यायची म्हणून किल्ली उचलली आणि निघाली. रागवायचं होतं. ते राहिलं. हात धरून बसले.

प्रज्ञाचे बाबा, मिलिंद, मिहानमधल्या कंपनीतून ड्यूटी सोडून आले. आधी लेकीचं डोकं, मान चाचपून पाहिली, मग विचारलं, "आणि त्या बाई?"

हवालदार गाडीचा नंबर घेऊन गेला. उद्या गाडीमालक आणि चालवणारा, दोघांनी स्टेशनला यायचं.

१९ नोव्हेंबर
सकाळीच निखाडेभाऊ हजर. ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त आणि आमचे विमा एजंट. चहा पुढे ठेवला, त्यांनी घेतलाही नाही.

"वहिनी, साधी गोष्ट आहे. लर्निंगवाली पोरगी एकटी गाडी चालवून राहिली होती म्हटलं का क्लेम गेला. वरून केस तिच्या नावावर. मिलिंद चालवून राहिला होता म्हणा, सगळं बसते. फक्त त्या बाईनंही तेच सांगितलं पाहिजे."

मिलिंदनं गाडीचे कागद काढून टेबलावर ठेवले. म्हणजे पटलं होतं. मलाही पटलं. लपवून काय करू, इथे तर मीच वाचणार आहे. लेकीच्या नावावर पोलीस केस, पुढं नोकरी, पासपोर्ट... रात्रभर हेच डोक्यात होतं.

प्रज्ञा आत होती. तिनं ऐकलं असणार. बाहेर आली नाही.

आम्ही दोघं हॉस्पिटलला गेलो. परातेबाई उशीला टेकून बसलेल्या, हात झोळीत. पन्नाशीच्या. मूळच्या उमरेडच्या, घरी पिढ्यान् पिढ्या हातमाग. आता माग नाही, शिलाई मशीन आहे. मिस्टर नाहीत, मुलगा पुण्याला. मिलिंदनं फार नम्रपणे विषय काढला. खर्च आमचा, स्कूटी दुरुस्त करून देऊ, फक्त एवढं...

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, मले तिचा राग आला होता. अजूनही आहे थोडा. पण मी रस्त्यावर पडली होती तवा चार माणसं मोबाईल काढून उभी होती. या पोरीनं माह्यं डोकं मांडीवर घेतलं. ऑटोत मी ओरडून राहिली होती, तर म्हणे काकू, माझा हात दाबा, जोरानं दाबा. तिच्या हातावर माही नखं उठली असतील, पाहा घरी जाऊन. आता तुमी म्हणता, गाडी तुमी चालवत होते. मंग पोरगी तिथं नव्हतीच म्हणायचं का? मले कोणी उचललं मंग?"

ह्यांनी मान खाली घातली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"तिनं धडकवलं तेही सांगीन, उचललं तेही सांगीन. दोन्ही तिचंच हाय."

जिन्यात मिलिंद थांबले. म्हणाले, "चल, तिला घेऊ आणि स्टेशनला जाऊ." बस, एवढंच.

प्रज्ञा आधीच तयार होऊन बसलेली. मी तिची बाही वर करून हात पाहिला. नखांचे वण होते, अर्धगोल, काळेनिळे. तिनं बाही खाली ओढली.

स्टेशनमध्ये तिनं सगळं सांगितलं. कुठंही अडखळली नाही. लर्निंग लायसन्स, एकटी होते, चूक माझी. साहेबांनी लिहून घेतलं. गाडीमालक म्हणून मिलिंदवरही कलम लागलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलणार होते ना?"
"हो."
"थँक यू. पण नको."

२१ नोव्हेंबर
निखाडेभाऊंना सांगितलं, स्टेशनला खरं तेच लिहून दिलं. आधी चिडले. "मंग मी काहून धावून राहिलो दोन दिवसांपासून?" थोड्या वेळानं स्वतःच गॅरेजला निघाले. नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेयर येणार होता. म्हणाले, क्लेम मिळो न मिळो, कागद नीट गेले पाहिजेत. दोस्त असा असावा.

सर्व्हेयर तरुण मुलगा. बंपर, पुढचा दिवा, डावा दरवाजा, सगळ्याचे फोटो काढले. प्रज्ञाला विचारलं, गाडीत सोबत कोण होतं. "कोणी नाही." त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं.

२४ नोव्हेंबर
परातेबाई घरी आल्या. आम्ही भेटायला गेलो तर त्यांना खांद्यापेक्षा साड्यांची काळजी. लग्नसराई, दुकानदार फोनवर फोन करतोय. साड्या वेळेत गेल्या नाहीत तर दुसरीला काम देईल.

प्रज्ञा म्हणाली, मी लावते फॉल. आयुष्यात बटण लावलं नाही पोरीनं. बाई खुर्चीत, ही खाली सतरंजीवर.
"एवढे मोठे टाके? धान्याची बोरी शिवून राहिली का वं?"
उसवलं. पुन्हा शिवलं. पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा बाई काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा प्रज्ञानं वर पाहिलं. त्या हसत होत्या. हसल्यावर खांदा दुखला, तर तिलाच रागावल्या.

मी पण एक साडी घेतली. माझे टाके तिच्यापेक्षा वाईट.

३० नोव्हेंबर
कॉलेज सुटलं की प्रज्ञा थेट तिकडे. मी डबा घेऊन लॅबमधून परस्पर जाते. सगळ्या साड्या पोचवल्या. दुकानदारानं एक परत पाठवली, ती माझी होती.

बाईंना विचारलं, राग गेला का? म्हणाल्या, "सकाळी उठताना दुखते तवा येते. ही पोरगी आली का जाते." खरं बोलणारं माणूस भेटलं, हे काय कमी.

१२ डिसेंबर
कंपनीचं पत्र. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नामंजूर. लर्निंग लायसन्स, सोबत परवानाधारक नाही. माहीत होतं, तरी दोनदा वाचलं. मिलिंदनं पत्र घडी करून कपाटात ठेवलं. गाडी गॅरेजमध्येच आहे. हे बसनं मिहानला जातात. कुरकुर नाही.

१५ डिसेंबर
आज ह्यांनी जे केलं ते लिहून ठेवते.

परातेबाईंना वकिलाकडे घेऊन गेले. वकील म्हणाले, अपघाताच्या भरपाईसाठी ट्रायब्यूनलमध्ये, म्हणजे भरपाईच्या कोर्टात, अर्ज करा. विमा चालू आहे, तेव्हा बाईंना कंपनी देईल. पण लायसन्सचा प्रश्न काढून तेच पैसे नंतर गाडीमालकाकडून वसूल करायला बघेल. म्हणजे आमच्याकडून.

बाई उठल्याच. "मले नाही करायचा. यांच्यावर केस कशी करू? रोज यांच्या घरचा डबा खाते मी."

मिलिंद म्हणाले, "ताई, मशीनवर पुन्हा बसता येईल का नाही, आज कोणाले माहीत? आम्ही डबा किती दिवस देऊ? तुमचा हक्क आहे तो. आमचं पुढचं आम्ही पाहू."

बाईंनी डाव्या हातानं सही केली. वाकडीतिकडी.

निखाडेभाऊ फोनवर म्हणाले, "असा माणूस नाही पाह्यला. स्वतःवरच केस करायले लावून राहिला." मिलिंद हसले. किती दिवसांनी.

ह्यांच्याशी लग्न केलं तेव्हा ह्यांच्यातलं हे ठाऊक नव्हतं. आज कळलं.

९ जानेवारी
बाईंची फिजिओथेरपी सुरू. हात कानापर्यंत येतो, वर नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. पूर्ण येईल का, यावर काही बोलत नाहीत. परतताना प्रज्ञा ऑटोत रडली. बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं. "काहून रडून राहिली? हात माहा हाय."

२ फेब्रुवारी
पोलीस केसची तारीख पुढच्या महिन्यात. ट्रायब्यूनलचं काहीच नाही. कंपनी आमच्याकडून वसुली मागेल, नाही मागेल, वकीलही नक्की सांगत नाहीत.

गाडी दुरुस्त होऊन दारात आली. मिलिंद सहज म्हणाले, "प्रज्ञा, पक्क्या लायसन्सच्या टेस्टची तारीख घेऊ का? मी बसेन शेजारी."

तिनं खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग, "माहीत नाही, बाबा. कधी चालवीन का, तेच माहीत नाही."

"बरं," म्हणाले. पुढं काही नाही. मला धाकधूक होती, समजावत बसतील.

संध्याकाळी संत्री संपली होती. दोघं पायीच निघाले. मी गॅलरीतून पाहत होते. कोपऱ्यावर गाड्यांची गर्दी. मिलिंद तिच्या डावीकडून उजवीकडे आले, रहदारीच्या बाजूला, आणि दोघं तसेच पुढं चालत गेले.