आधी सोपानराव, मग बाकीचं

प्रिय तात्या,

सोपानरावांना काम लागलं! ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायची, असं मी ठरवलं होतं. तुम्ही तोवर थांबला नाहीत, त्याआधीच कायमचे गेलात. म्हणून लिहितेय.

बारामतीच्या केंद्रातला माझा पहिला दिवस आठवतो? तुरुंगातून सुटलेल्या माणसांशी समुपदेशकानं कसं बोलायचं, ते मी शिकून आले होते. सोपानरावांसमोरच मी तुम्हाला म्हणाले, "लाभार्थ्याच्या वर्तनात सकारात्मक बदल दिसतो." तुम्ही त्यांच्याकडं वळलात. "सोपानराव, बाई तुमच्याबद्दलच बोलत्यात बरं का!" सगळे हसले. मला राग आला होता. चारचौघांत बोलायची काय गरज होती, तात्या?

सुटून आलेल्या माणसाची ओळख करून द्यायची तुमची पद्धत एकच. आधी नाव, त्याला राव लावून. मग हातातलं काम. मग गुन्हा, काही न लपवता. गुन्हा कशाला सांगायचा, म्हणून मी वाद घालायचे. तुम्ही म्हणायचात, "आपण न्हाय सांगितला तर गाव सांगंल. आन् गाव तेवढाच सांगंल."

काल लोणी देवकरच्या एका कारखान्यात सोपानरावांना घेऊन मी एकटीच गेले. सुपरवायझरनं विचारलं, "हे कोण?"

"पुनर्वसन कार्यक्रमातले..." माझ्या तोंडून आलंच. सोपानरावांची मान खाली गेली. मी थांबले. पुन्हा सुरुवात केली.

"हे सोपानराव, बावड्याचे. पंपाच्या, यंत्रांच्या जळालेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करतात. बांधाच्या भांडणात यांनी एकावर कुऱ्हाड चालवली. तो वाचला. हे शिक्षा भोगून आलेत."

सुपरवायझरनं सोपानरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आता नाही म्हणणार, असंच वाटलं. मग म्हणाला, "मोटारी? ती कोपऱ्यातली बघा बरं, सोपानराव."

त्यानं नाव घेतलं, तात्या! सोपानराव तर बाह्या सारून खाली बसलेसुद्धा. संध्याकाळी बाहेर आले ते हसतच. "बाई, आता तुमी मान्सावानी बोलाया लागला. तात्या पायजे व्हते ऐकायला."

नव्हतात. याचा मात्र राग अजून आहे.

सोमवारी नवी माणसं येतायत. कुणाचीही फाइल उघडण्याआधी मी त्याचं नाव विचारीन, हाताला काय येतं ते विचारीन. गुन्ह्याचंही बोलू, पण त्याची पाळी आल्यावर. हा माझा शब्द.

तुमच्या केंद्रातली,
सुनंदाबाई