गाढवाच्या गोठ्यातलं बदक

मोंतेसाल्वो, १० ऑक्टोबर १९८४

ती. सौ. एर्सिलियाताईस दोनातोचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, म्हणून हे पत्र. आईचं खुब्याचं हाड जुळलं आहे, पण बावीस पायऱ्यांची चढउतार आता विसरा, असं डॉक्टर म्हणाले. आपलं घर वर आणि संडास खाली अंगणात. म्हणून ठरल्याप्रमाणे घराखालच्या, गाढवाच्या जुन्या गोठ्यात तिच्यासाठी खोली आणि संडास-न्हाणी करायला घेतली. नाताळपर्यंत तिला सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमातून घरी आणीन, असं मी तिला वचन दिलं आहे.

काल नुन्झिओ गवंड्याची कुदळ ठण्णकन वाजली. हातभर खाली काळ्यापांढऱ्या बारीक खड्यांची फरशी निघाली. रोमन लोकांच्या वेळची. तिच्यात एक बदक आहे, एक पाय उचललेलं. नुन्झिओने दार लावून घेतलं आणि म्हणाला, दोन घमेली माती टाकू, वर सिमेंट ओतू आणि एकेक ग्लास वाइन घेऊ. अख्ख्या गल्लीचे संडास सीझरच्या डोक्यावर बसलेत, तूच कोण मोठा लागून गेलास, असंही म्हणाला.

मी त्याला जेवायला पाठवलं आणि चर्चमध्ये जाऊन बसलो. कुणीतरी गुडघे टेकून एकेक खडा बसवला असेल. त्यावर मैल्याचा नळ घालायला हात धजेना. दुपारी नगरपालिकेत जाऊन कळवून आलो. दोन आठवड्यांत माणूस येईल, तोवर काम बंद म्हणाले.

रागावशील, ठाऊक आहे. राग उतरला की चार ओळी लिही.

तुझा धाकटा,
दोनातो

तोरिनो, १७ ऑक्टोबर

चि. दोनातोस अ. उ. आ.

राग उतरलेला नाही, तरी लिहिते आहे. आपल्या गावात प्रत्येक घराखाली काही ना काही आहे. मास्तरांच्या तळघरातल्या रोमन खांबांना सॉसेजच्या माळा टांगलेल्या असतात. आजवर नगरपालिकेत कोण गेलं? एक तू. लहानपणी आपण पाद्र्यांची अंजिरं चोरली, तर संध्याकाळी जाऊन किती चोरली तेसुद्धा तू सांगून आलास. मार मलाही बसला होता.

बदकाला थंडी वाजत नाही, दोनातो. आईला वाजते. ती एक्याऐंशी वर्षांची आहे. मी इथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते, तिला आणू शकत नाही, आणि ते मला रोज टोचतं. म्हणून सगळी मदार तुझ्यावर होती. हे म्हणतात, तुला पदक द्यावं आणि त्याच पदकाने बडवावं.

आशीर्वाद एकदा दिले की परत घेता येत नाहीत, म्हणून ते आहेतच.

एर्सिलिया

मोंतेसाल्वो, ९ डिसेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

दोन आठवड्यांचा माणूस सहा आठवड्यांनी आला. माणूस म्हणजे पुरातत्त्व खात्याची एक तरुण बाई, फार सभ्य. पालथं पडून तिने ब्रशने बदकाची धूळ झाडली, माझे मातीचे हात हातात घेतले आणि म्हणाली, तुमच्यासारखे नागरिक हवेत. मग आत जायला मनाई म्हणून दाराला फीत लावून गेली. येताजाता नुन्झिओ त्या फितीला टोपी काढून नमस्कार करतो.

जिल्ह्याच्या कचेरीत तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्यांदा फाइल वरच्या मजल्यावर गेली होती. तिसऱ्यांदा वरचा मजला संपावर होता. नळ बाजूने नेऊ का, एवढंच विचारायचं होतं. विचार करू म्हणाले. इकडे पाऊस लागला, तर बदक भिजू नये म्हणून त्यांचीच माणसं आली आणि दोन दिवसांत गोठ्याच्या कडेने पाणी वाहून न्यायला सुबक मोरी बांधून गेली. आईसाठी दोन महिने मागतोय ती मोरी बदकाला न मागता मिळाली.

ताई, याहून वाईट एक गोष्ट आहे. दर रविवारी मी मिस्सा ऐकून आईला भेटायला जातो. खोली कुठवर आली, असं ती विचारते. मी सांगतो, सिमेंट ओलं आहे. ती मान डोलावते आणि यंदा हवाच दमट आहे म्हणते. सरकारशी खोटं बोलायला मन धजलं नाही, आणि आईशी दर आठवड्याला बोलतो आहे. हे तू म्हणण्याआधी मीच म्हणून घेतो.

माया थोडी तरी शिल्लक ठेव.

दोनातो

वृद्धाश्रम, १४ जानेवारी १९८५

चि. दोनातोस आईचे अ. आ.

मी सांगते आहे आणि सिस्टर लिहिते आहे. मध्ये आपली चांगली वाक्यं घालायची नाहीत, असं तिला बजावलं आहे.

सिमेंट तीन महिने ओलं राहत नाही. मी गवंड्याची मुलगी आहे. नुन्झिओची बायको संत्री घेऊन आली होती, तिने सगळं सांगितलं. ते बदक मी लग्नाच्या वर्षीच पाहिलंय. गव्हाण बसवायला तुझ्या बापाने खणलं, तेव्हा आम्ही दोघांनी चुना कालवून ते झाकलं. नळ पावाच्या भट्टीच्या भिंतीकडून ने, असं मी तुला दोनदा सांगितलं होतं. तू जवळचा रस्ता धरलास. का ते मी बोलले नाही, कारण आपल्या घराखाली काय आहे ते गल्लीत कुणी मुलांना सांगत नाही. मुलं शाळेत जाऊन बोलतात. सासू सुनेला सांगते. तू मला सून आणली नाहीस, मग मी सांगायचं कुणाला?

आता बदकाचं काय व्हायचं ते होवो. मला माझ्या खिडकीत बसायचं आहे. सेंट रोक्कोची मूर्ती चौघं खांद्यावरून डोंगर चढवतात. मी मूर्तीपेक्षा हलकी आहे. त्या चौघांना सांग. माझं शौचाचं भांडं घेऊन खालीवर करायला तुझे पाय धड आहेत.

रविवारी येशील तेव्हा लोकरीचे मोजे आण आणि खोटं बोलू नकोस.

आई

मोंतेसाल्वो, २४ मार्च

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

आईला आणलं हे तुला कळलंच आहे. चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली आणि सवयीने वळणावर मूर्तीसारखी थांबवली. मी काही संत नाही, चला वर, असं म्हणून तिने त्यांना हाकललं.

पण भांड्याचं जमलं नाही. मला काही वाटत नव्हतं, तिला वाटत होतं. मी भांडं उचललं की ती भिंतीकडे तोंड करायची. मग ती पाणी कमी पिऊ लागली. सूप अर्धं ठेवायची, तहान नाही म्हणायची. ओठ सुकले तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी नुन्झिओला बोलावलं आणि वरच तिच्यासाठी संडास काढायला मागची भिंत फोडायला सांगितली. हात-दीड हात जाडीची भिंत आहे. दुसऱ्या दिवशी एक दगड निघाला, अक्षरं आतल्या बाजूला असलेला. कुणा बाईच्या थडग्यावरचा. नाव वाचता आलं, वीबिया. नुन्झिओ हातोडा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. आईही बघत राहिली.

मी टोपी काढली आणि वीबियासाठी ‘नमो मरिये’ ही प्रार्थना म्हटली. बिचारी आपल्या धर्माची नसावी, तरी म्हटली. मग खाली गेलो आणि चुना कालवून घेऊन आलो.

शनिवारी पाद्र्यांकडे कबुलीला गेलो. त्यांनी विचारलं की चुन्यात थोडी माती मिसळलीस का, नाहीतर नवा डाग लांबून ओळखू येतो. मला हसू आलं नाही. ते बदक उघडं पडलं तेव्हा मी बरोबर वागलो असं मला अजून वाटतं, आणि या वेळीही बरोबरच वागलो असं वाटतं. दोन्ही कसं खरं असेल, हे कोडं मला सुटत नाही. काल कचेरीचं कार्डही आलं. ऑक्टोबरमधला आपला अर्ज पोचला, असं त्यात लिहिलं आहे.

नळ बसला. पलंगापासून दार चार पावलांवर आहे, ती भिंतीला धरून एकटी जाते. कालपासून आई जेवताना दोन ग्लास पाणी पिते आहे.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल, आणि मला मात्र मनातून काढू नकोस.

तुझा,
दोनातो