सुपाऱ्यांचं आरमार

कांचघर, जबलपूर
डिसेंबर १९७१

आरमारप्रमुख भाऊजी,

तुम्ही जन्मभर तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत फायली सरकवल्या, ग्वारीघाटावर नर्मदेत कधी गुडघ्यापुढे गेले नाही. लढाई लागली तशी आमच्या घरी नकाशा पसरून कराचीपासून चीनपर्यंतची आरमारं सुपाऱ्यांनी मांडून राहिले होते. त्यातली एक सुपारी म्हणजे माझ्या मुलाचं, रत्नाकरचं जहाज.

“समुद्र ताब्यात ठेवायचा तर एखादं जहाज जाणारच, अंजनी. इतना तो चलता है,” म्हणत तीच सुपारी तुम्ही अडकित्त्याने कातरून तोंडात टाकली.

काल तार आली. जहाज बुडालं, रत्नाकर त्यातच राहिला.

मोठ्या भावापुढे ह्यांची जीभ उचलत नाही, मलाही बोलू देत नाहीत, म्हणून हे पत्र चुलीत जाईल. तेराव्याला या. जेवायला वाढीन, विडाही देईन. त्यात सुपारी नसेल. काहून म्हणून विचारू नका.

यापुढे तुमच्या पाया न पडणारी,
अंजनी