ड्रमावरचं नाव

सोमवार, ४ मार्च

उपास. एक केळं, चहा.

आज मशीन मिळालं. टँकर दिवसाआड येतो. कुणाचे तीन ड्रम भरतात, कुणाचा एकही नाही, मारामारीच व्हायची बाकी होती. म्हणून ठेकेदारानं घरटी एका ड्रमाला काळ्या रेघांचं स्टिकर चिकटवलं आहे. रेघा मशीननं वाचायच्या, मगच पाणी. मशीन त्याच गल्लीतल्या बाईनं धरायचं, पगार मिळेल. बचत गटाचं रजिस्टर मी लिहिते, म्हणून शेजारच्या शांताकाकूंनी माझं नाव सांगून टाकलं. मी हो म्हटलं होतं की नाही, आठवत नाही. हे गेल्यापासून असंच होतं. दिवाळीनंतरचं फारसं काही डोक्यात राहिलेलं नाही.

शकीलभाई मशीन घेऊन आले. ठेकेदाराचा माणूस, दाढी पिकलेली. मशीन काळं, जाड रबराचं, विटेएवढं वजन. मी हात लावीना, तर म्हणाले, "नक्को डरो ताई, ये टूटता नई," आणि ओट्यावरून सरळ खाली सोडलं. फरशीवर आपटून उसळलं. काही झालं नाही त्याला.

सिम घातलं, बॅटरी लावली. एका कागदावर रेघांचे चौकोन आहेत, ते ओळीनं वाचायचे, मशीन आपलं आपण शिकत जातं. मी दुसरा सोडून तिसरा वाचला. पुन्हा पहिल्यापासून. मग माझा अंगठा घेतला. आता ते माझ्याच अंगठ्यानं उघडतं.

मंगळवार, ५ मार्च

भाऊजींचा फोन, गावाहून. करमाडच्या पुढं धाकटे दीर शेती आणि मेंढरं बघतात. "वहिनी, आकितीला दादाच्या नावाची घागर इथंच भरू. मग तुमचं सामान घेऊन येतो. ते घर भाड्यानं जाईल. पोर ना बाळ, एकट्या काय करता तिथं?"

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवल्यावर कळलं की बरं म्हटलं.

बुधवार, ६ मार्च

पहिला टँकर. काकू पूजेचं ताट घेऊन आल्या. गल्लीतल्या सगळ्या जमल्या. कुणीतरी म्हणालं, पहिला हात सवाष्णीचा लागू दे. त्यात वाईट काही नव्हतं. मी बाजूला झाले.

काकूंनी मशीन उलटंपालटं करून बघितलं. "ह्याचं कपाळ कुठंय ग?" पुढं एक बारकी काच आहे, तिलाच हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. नारळ फुटला. मग मशीन माझ्या हातात.

कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. टँकरवाला हॉर्न द्यायला लागला. रांगेत मागून आवाज आला, "पांढऱ्या कपाळाच्या हाती दिलं की असंच व्हायचं." आवाज कुणाचा ते ओळखलं. लिहीत नाही.

शकीलभाईंना फोन केला. ते गाडीवरून आले, मशीन बघितलं, खिशातून रुमाल काढला. "अरे, इसकी आँख में कुंकू डाले तुम लोगां!"

सगळ्या हसल्या. काकू म्हणाल्या, "मला काय ठाव ते कपाळ नाय, डोळा हाय!" मीही हसले असं त्या म्हणतात.

मग वाचायला लागलं. टिट वाजतं, हिरवा दिवा लागतो, पडद्यावर घरमालकाचं नाव येतं. ते मोठ्यानं म्हणायचं. नाव ऐकल्याशिवाय टँकरवाला पाइप सोडत नाही. कुणी दुसऱ्याचा ड्रम पुढं सरकवला तर रांगेतलेच ओरडतात, म्हणून तसा नियम आहे.

सगळ्यांची नावं घेतली. शेवटी आपला ड्रम. टिट. नाव आलं.

लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. नंतर ‘अहो’वर सगळं झालं. सासूबाई म्हणायच्या, बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मी त्यानंतर कधीच घेतलं नाही.

"बोलो ताई," टँकरवाला म्हणाला. मी पडदाच पुसत राहिले. काकूंनी मागून ओरडून सांगितलं नाव. पाइप सुटला.

शुक्रवार, ८ मार्च

महाशिवरात्र. दरसाल वेरूळला जायचो, यंदा नाही. घरीच वाटीभर पाण्याचा अभिषेक केला, तेच पाणी तुळशीला.

टँकर दुपारी आला. आमचं नाव काकूंनी घेतलं.

मंगळवार, १२ मार्च

काकू लेकीकडं गेल्या, बाळंतपणाला. महिनाभर तरी यायच्या नाहीत म्हणे. आज आपला ड्रम वाचलाच नाही. रिकामा परत आणला. परवाच्या पाण्यावर भागवलं. भांडी राखेनं घासून पुसली.

गुरुवार, १४ मार्च

नाव घेतलं.

आधी घसा खाकरला. मशीन दाखवतं तसं, आडनावासकट. टँकरवाल्याला काय, त्यानं पाइप टाकला. ड्रम भरेपर्यंत मी पाण्याकडं बघत उभी होते. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

घरी येऊन देवापुढं बसले. चुकलं म्हणायचं होतं. आयुष्य कमी होतं म्हणायच्या. आता कुणाचं कमी होणार? तशीच उठले. भाकरी केली, एकच.

शनिवार, १६ मार्च

घेतलं.

गुरुवार, २१ मार्च

दोन दिवस टँ. नाही. आज आला. ऊन इतकं की मशीनच्या पडद्यावर लाल चिन्ह आलं, तापलं म्हणून. निम्म्या रांगेतच बंद. ओल्या फडक्यात गुंडाळायचं नाही म्हणून शकीलभाईंनी बजावलंय. घरात आणून माठाच्या शेजारी ठेवलं. रांग उन्हात उभी. एक जण म्हणाला, "मशीनला सावली, अन् आमाला?" खरं होतं. सगळ्यांना ओट्यावर सावलीत बोलावलं, दाटीवाटीनं बसले. ती कुंकवाच्या दिवशी बोलणारी बाई माझ्या अगदी शेजारी. तिला पाणी दिलं प्यायला. तिनं घेतलं.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. गुढी नाही आपल्याकडं यंदा.

काकू कालच परत आल्या. बायका ड्रमांना हळद-कुंकू लावत होत्या, काकू प्रत्येकीच्या मागं. "पोटाला लावा ग! रेघांवर नको! डोळ्यात घालू नका त्याच्या!" नव्या भाडेकरणीला काही कळेना, कुणाच्या डोळ्यात ते.

संध्याकाळी टँ. आमच्या ड्रमाशी काकूंनी तोंड उघडलं आणि मी आधीच नाव म्हटलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. नंतर वाटीभर श्रीखंड पाठवलं.

गुरुवार, १८ एप्रिल

शकीलभाई आले. गाडीवरून उतरले नाहीत लगेच. म्हणाले, स्टिकरवरची नावं तपासायची आहेत. ज्याचं नाव आहे तो माणूस तिथं राहत नसेल तर बदलून राहणाऱ्याचं घालायचं, नाही तर मे महिन्यात ड्रम बंद. आपल्या गल्लीत अशी दोन घरं. एकानं घर विकलं.

दुसरं कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही. चपलेनं माती सारखी करत राहिले. मग म्हणाले, "किसका डालना वो तुम सोचो. मशीन में तुम्हीच डाल सकते. जल्दी नई है."

मशीनमध्ये कुठं जायचं ते दाखवलं. चहा घेतला नाही, रोजा नव्हता तरी.

शनिवार, २० एप्रिल

भाऊजींना फोन करून सांगितलं. म्हणाले, "माझं घाला. उद्या भाडेकरू आला तरी नाव आपल्या घरचं राहील. तुम्ही तर इकडंच येणार."

भाऊजी वाईट नाहीत. दवाखान्यात तेच होते, मला घरी झोपायला पाठवून बाकावर तेच बसले. मयताला खांदा देताना पडता पडता राहिले.

काकूंना विचारलं. "तुझं घाल की! उन्हातान्हात मशीन कोण धरतंय? दिराच्या नावाचा ड्रम भरत बसणार व्हय तू?"

मी म्हटलं, माझं घातलं तर मला इथं राहावं लागेल.

"मग?"

काकू गहू निवडत राहिल्या, मीही त्यातले खडे काढले.

सोमवार, २२ एप्रिल

उपास. टँ. आला.

नाव घेतलं. कुणाचंही घातलं तरी हे बंद होणार. इतकी वर्षं कधी घेतलं नाही, आता दिवसाआड घेते, तेही रस्त्यात उभी राहून. सवय झाली म्हणावं तर

तेल संपलं. परवा आणायचं.

शुक्रवार, १० मे

अक्षय तृतीया, आकिती.

काल टँ. आला नाही, म्हणजे आज येणार हे कळलंच होतं. सकाळी भाऊजींना फोन केला, मला गावाला येता यायचं नाही, टँकर आहे. मशीन माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही, रांग कोरडी राहील.

ते म्हणाले, "टँकर मोठा का दादा मोठा?"

मी म्हटलं, घागर मी इथंच भरते.

"दोन-दोन ठिकाणी भरतात का कुठं?"

"मग तुम्ही भरू नका." असं म्हटलं मी. भाऊजींना असं कधी बोललेले नाही. फोन त्यांनी ठेवला.

टँकर अकराच्या सुमाराला आला. सगळ्यांचं झाल्यावर आपला ड्रम. नाव घेतलं, पाणी आलं. ड्रम भरल्यावर त्यातूनच घागर भरली, देवापुढं गव्हावर ठेवली. वर आंबा, खरबूज. घास काढून ठेवला. कावळा लवकर आला नाही, मग आला. घागर गुरवाला दिली.

दिवेलागणीला मशीन उघडलं. शकीलभाईंनी दाखवलं तिथं गेले. तीन रकाने होते. पहिल्यात अनुसया घातलं. शेवटी आडनाव, तेच. मधला पती किंवा वडील, तो मोकळा सोडून पुढं जाता येईना. तिथं ह्यांचं टाइप केलं. अक्षरं सापडायला वेळ लागला, कधी लिहिलेलं नाही.

म्हणजे ते घ्यावंच लागणार, माझं पुरं नाव वाचताना. मधलं म्हणून.

खात्री आहे का विचारलं. होय दाबलं. ‘मंजुरी बाकी’ असं आलं. तोवर जुनंच दिसेल.

जेवले. दोन भाकरी.

रविवार, १२ मे

भाऊजी टेम्पो घेऊन आले. न सांगता. गल्लीच्या तोंडाशी टँकर होता आणि टेम्पो त्याच्या मागं अडकला. रांग संपल्याशिवाय टँकर हलत नाही. भाऊजी उतरून चालत आले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत, काकूंच्या भिंतीच्या सावलीत उभे राहिले. मी मान हलवली. हातातलं काम सोडता येत नव्हतं.

टिट, नाव, पाणी. टिट, नाव, पाणी.

आपला ड्रम आला. मंजुरी आलेली नाही, जुनंच नाव. मी म्हटलं, नेहमीसारखं, टँकरवाल्याला ऐकू जाईल असं. म्हटल्यावर आठवलं, भाऊजी उभे आहेत.

घरात आल्यावर म्हणाले, "वहिनी, दादाचं नाव घेता तुम्ही? रस्त्यात?"

"घेतल्याशिवाय पाणी सोडत नाहीत."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

ओट्यावर बसले. पाणी दिलं, प्याले. मी सांगून टाकलं, नाव बदलायला घातलंय, माझं घातलंय. का घातलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विचारलं ते इतकंच, "मग दादाचं जाणार?"

"मंजुरी आली की पहिल्या जागेवरून जाईल."

बराच वेळ तांब्याच्या काठावरून बोट फिरवत बसले. मग, "आता हाय का पण? अजून दाखवतं?"

मी मशीन अंगठ्यानं उघडून त्यांच्या हातात दिलं. कळ कुठं ते दाखवलं. पिस्तूल धरावं तसं धरून ते ड्रमाकडं गेले. टिट वाजलं. भाऊजींना अक्षरं लावायला वेळ लागतो, पडदा डोळ्याजवळ नेला. नाव, त्याच्याखाली ‘आज भरला’.

टँकर गेलाय. टेम्पोवाला दारापर्यंत येऊन हॉर्न देतोय, सामान काय काय भरायचं विचारतोय. भाऊजी त्याला उत्तर देत नाहीत, मीही दिलं नाही. आत येऊन हे लिहितेय. बाहेरून आवाज येतोय. टिट. थोडं थांबून पुन्हा, टिट.