अक्षरं दुप्पट

अब्बा,

मी कॉलेजला निघाले. तुमचा कॉम्प्युटर आता बराबर चालंल.

परवा नवी सिस्टीम टाकून ड्रॉइंगं, फोटो सगळं आणलं, फक्त तुमची सेटिंग राहिली व्हती. तुमी समोर बसलात, चष्मा पुसलात, मग टॉवेलनं स्क्रीन पुसलीत आणि म्हणालात, "आसिया, ही नवी सिस्टीम लय धुरकट हाय." तवा मी जुनी सेटिंग उघडून बघितली. अक्षरं दुप्पट, माऊसचा बाण अंगठ्याएवढा! कवापासनं, अब्बा? आणि असं दिसत असताना लेथवर उभं राहता?

स्क्रीनवर सगळं व्हतं तसं मोठं करून ठेवलंय. पण समोरनं येणारा उसाचा ट्रॅक्टर मला मोठा करता येत न्हाई, म्हणून तुमच्या स्कूटरची किल्ली घेऊन चाललेय. अश्फाकचाचा कुपवाडला कारखान्यात जाताना तुमाला मागं बसवून नेतील. शनिवारी मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय, मी येते संगं.

अम्मीला अजून काय सांगितलं न्हाई. कपाटातली दुसरी किल्ली काढलीत तर सांगीन.

लय लिहायचं व्हतं, पण तुमच्या मापाची अक्षरं काढली तर दोन्ही बाजूंनी कागद भरला.

आसिया