फ्लॉपीतली भीती

पिंप्राळा, जळगाव
मे १९९८

प्रिय मंदा,

त्या सकाळीही मी रोजच्यासारखा कॉम्प्युटर क्लास उघडला. चपला बाहेर काढल्या, फरशी पुसली, माठ भरला, एकेका कॉम्प्युटरवरचं कापड काढून घडी घातली. मुली यायला अवकाश होता. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे बसले आणि एका बोटाने लिहिलं, आज भीती.

तुला हसू येईल. हे गेल्यावर माझ्या भाच्याने, अभिमनने, मला इथे कामाला लावलं. क्लासच्या मॅडमनी एकदा मला पुडीचा कागद वाचताना पाहिलं आणि म्हणाल्या, मावशी, रोज मनात काय असेल तेवढं टाइप करा, हातही बसेल आणि मनही मोकळं होईल. माझ्या नावाची एक फ्लॉपीही दिली. शेजारच्या बेबाबाई चिडवायच्या, काय गं कुंदे, डबड्याला नवऱ्याची गाऱ्हाणी सांगते का? सांगायचेच. ज्या दिवशी कपाटात यांचा सदरा हाताला लागे, त्या दिवशी दुःख लिहायचे. कधी नुसतंच, बरं.

हिवाळ्यापासून मात्र भीती येऊ लागली. छातीत धडधडायचं, हातातलं भांडं पडायचं. डॉक्टर म्हणाले, नवरा गेल्यावर होतं असं. अभिमन म्हणाला, आत्या, फार विचार करते तू. मीही तसंच धरून चालले.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माझ्या लेकीला, कोकिळाला माहेरी आणायला मुराळी म्हणून अभिमनच साक्रीला गेला होता. आला तो एकटाच. सासूने त्याला दारातच सांगितलं, कामं पडलीत, यंदा नाही पाठवणार. पोरगी दिसली का, विचारलं, तर म्हणाला, मागच्या घरातून नुसता तिचा आवाज आला, बठ्ठं बरं शे. मंदा, आखाजीच्या झोक्यासाठी ही पोर दरवर्षी महिनाभर आधी निरोप धाडायची. दोर नवा आण म्हणायची. सगळं बरं असताना ती अशी घरात बसेल?

म्हणून त्या सकाळी आज भीती लिहिल्यावर मी फ्लॉपीतलं मागचं सगळं वाचत बसले. यांच्या वर्षश्राद्धाला दुःख. दिवाळीला दुःख. भीती यांच्या आठवणींच्या आसपास कुठेच नव्हती. हिवाळ्यापासून क्लासच्या फोनवर कोकिळा ज्या ज्या दिवशी बोलली, त्या त्या दिवशी होती. खाली तिचं बोलणंही मीच लिहून ठेवलेलं. आधी ती सांगायची, शेळीने पातळ खाल्लं, सासू गूळ लपवते, आणि मला हसवायची. पुढे पुढे प्रत्येक फोनला तेवढंच, बठ्ठं बरं शे, माय. कोणी शेजारी उभं राहून बोलवून घ्यावं तसं. माझ्या जिवाला कधीचं कळलं होतं, आणि मी यांच्या नावाने त्याला गप्प बसवत होते.

तुझं पत्र काल मिळालं. स्थळ तू आणलेलं, घर तुझ्या नणंदेचं, तुझी अडचण मला कळते. कुंदाचं डोकं फिरलंय, पोरीला नांदायला पाठव, हे कोकिळाच्या सासरचे तुझ्या हाताने लिहवून घेताहेत. मला अजून भीती वाटते, मंदा. दारात रिक्षा थांबली की आम्ही मायलेकी आधी कडीकडे बघतो. तेल लावताना तिच्या पाठीवर काय दिसतं ते मी इथे लिहीत नाही. तू धुळ्याहून ये आणि स्वतः बघ. तुला मी बोल लावत नाही, पण मी तिला पाठवणार नाही. बाई कधी मुराळी होत नाही, त्यात विधवा तर नाहीच, हे बेबाबाईंनीही ऐकवलं. तरी ते सगळं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीने साक्रीला गेले, आणि कोकिळाला घेऊन आले.

तुझीच,
कुंदा